न्याहारीचे मेज आणि कोयता

उमेदवाराने रोटरी वा लायन्ससारख्या सेवाभावी क्लबाच्या न्याहारीस जावे, यात आक्षेपार्ह काही नाही. क्लबाने कोणा उमेदवाराचा पुरस्कार करू नये, असा रोटरीचा नियमच आहे, आणि तो चांगला आहे. आमचा प्रश्न त्या मेजाभोवती कोण बसते, एवढाच. बीडमध्ये तेथे डॉक्टर, वकील, व्यापारी बसतात. मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोच्या जोडीने कोयता धरणारे तेथे नसतात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले; ऊसतोडीच्या टोळ्या जिल्हा सोडतात तेही याच सुमारास!

शासनाच्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रिया डॉक्टरांनीच केल्या. तेव्हा डॉक्टरांच्या मेजावर उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारला गेला पाहिजे.

१९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर धाडणारा हा जिल्हा आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी क्लबांना सरळ विनंती करावी : पुढील बैठक टोळ्या निघण्यापूर्वी पाटोदा किंवा धारूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवर घ्या आणि ऊसतोड स्त्रियांना पुढे बसवा. मतदानासाठी फडावरून परत आणणारे वाहन कोण देणार, पाळीच्या वा आजारपणाच्या खाड्याचा दंड कोण बंद करणार, याची उत्तरे उमेदवाराने लेखी द्यावीत. न्याहारी भाकरी-ठेच्याची असली तरी चालेल.