उपचार मुख्यालयात, रुग्ण जंगलात

खास प्रतिनिधी, चंद्रपूर

अर्धांगवायूतून वाचलेल्या रुग्णाला महिनाभराच्या गोळ्या एकदम देता येतात. फिजिओथेरपी मात्र अशी पुडीत बांधून देता येत नाही. ती आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन्महिने करावी लागते. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांपुढचा पेच नेमका हाच आहे.

गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापला आहे. भामरागड मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पर्लकोटेला पूर आला की त्याचा संपर्कच तुटतो. वृद्धांसाठी २०१० मध्ये आणि बालकांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत फिजिओथेरपिस्टच्या पदांची तरतूद झाली. पण त्यांचा भर जिल्हा रुग्णालयावर राहिला. रोवणीची मजुरी बुडवून मुख्यालय गाठणारा रुग्ण एकदा येतो, वारंवार येऊ शकत नाही.

दुसरी अडचण वेतनाची. इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचे शिक्षण २०२५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच वर्षांचे झाले. विदर्भात शासकीय पातळीवर ते नागपूरच्या मेडिकलमध्ये मिळते. एवढे शिकूनही राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नेमणूक कंत्राटी, एकत्रित मानधनाची असते. अभियानातील कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर पुकारलेल्या संपाचे मूळ याच अस्थैर्यात होते. शहरात खासगी व्यवसायाचा आधार असतो. दर खेपेला शुल्क देणे जंगलपट्ट्यातील मजुराला परवडत नाही. त्यामुळे नव्या पदवीधराची पावले नागपूर-पुण्याकडे वळणे स्वाभाविकच आहे.

याची किंमत येथील कुष्ठरुग्णही मोजतात. औषधाने जंतू मरतात, पण वाकडी झालेली बोटे वा लुळे पडलेले पाऊल त्याने पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही व्यायाम लागतो. रोग बरा होणे पुरेसे नाही, हाताला पुन्हा काम मिळाले पाहिजे, हा धडा वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने याच भूमीत घालून दिला आहे.

म्हणून केवळ पदसंख्या वाढवून प्रश्न सुटणार नाही. ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट पोहोचणे, त्याला प्रवासभत्ता व सेवेची हमी मिळणे आणि मधल्या दिवसांतील व्यायामावर लक्ष ठेवण्यासाठी आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. अन्यथा रुग्णाचे प्राण वाचतील. पण तो खाटेवरून उठणार नाही.