हराळीचं सारवण

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्न आठवतं. रस्त्यावर ‘अमुक लॉन’ अशी कमान दिसली, की आत मांडव, डीजे आणि पंगत असणार हे ठरलेलं. गवत असेलच असं नाही, हिरवा गालिचा मात्र नक्की असतो. त्यामुळे यंदा अंगणात लॉन करायचं असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, “कोनाचं लगन हाय?”

बाबांचा आक्षेप जास्त गंभीर होता. “काऊन वं, आयुष्य गेलं माह्यं हराळी खंदता खंदता, आन् आता तू मले ते आंगनात लावाले सांगतं?”

शेतकऱ्याच्या तोंडून हे ऐकल्यावर पटतं. कपाशीत हराळी शिरली की डवरणी कितीही करा, कांडीचा एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा उभी. गंमत अशी, की हीच गणपतीला वाहतो ती दूर्वा, हिंदीतली दूब आणि अमेरिकेतल्या हिरवळींचं बर्म्युडा ग्रास. शेतात शत्रू, देव्हाऱ्यात मान आणि परदेशात पिशवीतून विकत घ्यायचं बी.

लॉनचा हट्ट हौसेचा नव्हता. घर बांधताना पायाची काळी माती अंगणातच पसरली गेली. पाऊस लागला की चपलेसकट पाय रुततो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गेल्या वर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत ते ओसरीवरून खाली उतरले नाहीत. डॉक्टर म्हणतात चाला, आणि दारात चिखल. मुरूम टाकून पाहिला होता, तो दोन पावसांत काळ्या मातीनं गिळला. फरशी ओली झाली की निसरडी, आणि मे महिन्यात तापते ती वेगळीच. राहिलं गवत.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ह्यूस्टनच्या नव्या घरापुढे ‘हायड्रोसीडिंग’ करून घेतलं होतं. टाकीत पाणी, गवताचं बी, लाकडाचा किंवा कागदाचा लगदा, थोडं खत आणि चिकटपणासाठी डिंक घालून घोळ करतात आणि पाइपानं जमिनीवर फवारतात. वरून हिरवा रंगही घालतात, कुठे पडलं आणि कुठे सुटलं ते दिसावं म्हणून. लगदा ओल धरतो, डिंक बी वाहू देत नाही. हा डिंक पुष्कळदा गवारीच्या बियांचा असतो, म्हणजे आपल्या भाजीतलीच गवार. महामार्गांचे उतार, खाणींचे ढीग अशा मोठ्या जागांसाठी ही पद्धत फार सोयीची. सहाशे चौरस फुटांच्या अंगणासाठी यंत्र बोलावणं म्हणजे डास मारायला तोफ.

मी व्हिडिओ दाखवला. आईनं तो पूर्ण पाहिला आणि म्हणाली, “हे त सारवणच हाय.”

अगदी तसंच आहे. आपल्याकडच्या बागकामात ही रीत जुनी आहे. ताज्या हराळीचे बोटाएवढे तुकडे दोन टोपल्या, चाळलेली माती एक टोपली, ताजं शेण एक टोपली, मूठभर राख, आणि पाणी घालून दाट काला. जमीन ओली करून त्यावर तो इंचभर जाड पसरायचा, आणि दुसऱ्या दिवशी वरून बारीक मातीचा हलका थर. बियाऐवजी कांड्या, लगद्याऐवजी शेण. बाबा बांधावरची हराळी आणायला तयार झाले, कारण ती तशीही काढायचीच होती.

खरं काम त्याआधीचं. अंगण वीतभर खणलं, ढेकळं फोडली, कुंद्याच्या गाठी वेचून काढल्या, शेणखत आणि नदीची वाळू मिसळली आणि घराकडून फाटकाकडे किंचित उतार दिला. काळ्या मातीत पाणी साचलं तर गवताची मुळं कुजतात, तेव्हा हा उतार कुणी आळसानं टाळू नये. दिवस निवडला पहिले पाऊस होऊन गेल्यावरचा, उघडीप पाहून. नुकतं सारवलेलं धो-धो पावसात वाहून जातं. फवारलेलं हायड्रोसीडिंगही पहिल्या दिवशी असंच नाजूक असतं.

पुढचे तीन आठवडे संयमाचे. वरचा थर सुकू द्यायचा नाही, पण डबकंही नको. म्हणजे झारीनं थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, पाऊस असेल तर नाही. कोंब धरले की पाणी कमी वेळा, पण खोलवर, म्हणजे मुळं खाली जातात. दीड महिना कुणी पाय ठेवायचा नाही. कोंबड्यांना हे समजावणं अवघड गेलं. तीन-चार इंच वाढल्यावर पहिली कापणी, तीही उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच, धारदार विळ्यानं. बोथट विळ्यानं कोवळं गवत उपटून येतं. तणनाशक तीन-चार कापण्यांपर्यंत नाहीच. तण हातानं काढावं, आणि त्या कामाला आमच्याकडे आयुष्यभराचा अनुभव असलेला माणूस होताच.

परदेशातल्या वाचकांनी एवढं पाहावं, की बर्म्युडाचं बी माती तापल्याशिवाय उगवत नाही. थंड प्रदेशात वेगळ्या जाती लावतात. त्यांतलं रायग्रास आठवड्यात दिसतं, केंटकी ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. तेवढ्यात कंत्राटदाराला फोन करू नये.

आता पाण्याचा हिशोब, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच. सहाशे चौरस फुटांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 56 लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवंगार ठेवायचं तर रोज पाच मिलिमीटर धरा, म्हणजे 280 लिटर. मे महिन्यात आमच्या बोअरला तेवढं पाणी सापडलंच, तर ते संत्र्याला जाणार. मी स्प्रेडशीट उघडून बसले होते. बाबांनी ती पाहिलीही नाही. “ताण दे तिले. मृग बहाराले झाडाले देतो तसा.”

मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात, झाड मलूल होतं, आणि पावसाबरोबर फुलतं. हराळीही पाण्यावाचून पिवळी पडते, वरून मेल्यासारखी दिसते, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात. तेव्हा मार्च ते जून आमचं अंगण पिवळं राहील, आणि ते तसंच ठेवायचं ठरलं आहे. बारमाही हिरवळीचा हट्ट आपल्या भागात मला तरी परवडणारा वाटत नाही.

पोळ्याच्या आठवडाभर आधी बाबा काठी टेकत खाली उतरले, अंगणाला तीन फेऱ्या मारल्या आणि कुणाशी काही न बोलता खुर्चीवर बसले. पोळ्याच्या संध्याकाळी बैलजोडी दारात पूजेला आली, तर हे स्वतः फाटकात आडवे. ओल्या गवतावर खूर उमटतात म्हणे. आईला ताट घेऊन फाटकापर्यंत जावं लागलं, आणि ती अजून त्यांना त्यावरून बोलते.

मागे संत्र्याची झाडं आहेत. तिकडे हराळी सरकू नये म्हणून त्यांनी अंगणाच्या कडेनं हातभर खोल विटा उभ्या गाडून घेतल्या आहेत. दर रविवारी ते त्या ओळीवरून चालत जातात. पलीकडे गेलेली एखादी कांडी सापडली, की ती उपटून अंगणातल्याच मोकळ्या जागेत खोचतात.