शिकाऊ हात आणि कात्री

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण मुलांना वरचेवर ऐकवितो. हत्याराला नावे ठेवणारा विद्यार्थी आळशी, असा आपला ग्रह झालेला असतो, व पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु अंगण खरोखरच वाकडे असेल, तर नाचणाऱ्याने काय करावे? “आधी काम येऊ दे, मग चांगले हत्यार घेऊन देऊ,” हे पालकांचे नेहमीचे उत्तर कितपत न्याय्य आहे, याचा विचार एका लहानशा हस्तकलेच्या आधाराने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती कला म्हणजे मासे धरण्यासाठी कृत्रिम माशी बांधण्याची, आणि ते हत्यार म्हणजे कात्री.

ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या पाण्यात राहतो. पाण्यावर उतरणारे कीटक व पाण्यातील त्यांच्या अळ्या हे त्याचे भक्ष्य. त्यास फसविण्यासाठी गळावर पिसे, केस, लोकर व दोरा गुंडाळून कीटकाचा आभास निर्माण करितात. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची दोन पिसे बांधून मासे धरीत, असे ईलियन या रोमन ग्रंथकाराने सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे. पुढे इंग्लंडात या कलेस बहर आला. तेथे 1496 साली छापलेल्या एका प्रबंधात अशा बारा माश्यांचे वर्णन आहे. आपल्या देशातही 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी आणून तो मासा काश्मीरच्या नद्यांत वाढविण्यात आला, व तेथील लिद्दर नदीवर हा छंद आजही चालतो.

आता या कामात कात्रीचे महत्त्व किती, ते पाहू. गळाच्या क्रमांकाचा आकडा जसजसा वाढतो तसतसा गळ लहान होत जातो. 16 क्रमांकाचा गळ बोटाच्या नखावर सहज मावतो. एवढ्याशा जागेत पिसाचे उरलेले टोक कापावयाचे, आणि त्याच्या शेजारचा ताणलेला दोरा मात्र कापावयाचा नाही! दोरा तुटला की सारी बांधणी उलगडते. टोक लांब राहिले तर गळाचे नेढे बुजते व त्यातून दोरी ओवता येत नाही. यास्तव कात्रीची टोके बारीक असावीत आणि ती अगदी टोकापर्यंत कापणारी असावीत. शिवणकामाची मोठी कात्री कितीही उत्तम असली, तरी येथे ती उपयोगाची नाही. सुमारे 4 इंच लांबीची, सरळ पात्यांची कात्री नवशिक्यास पुरेशी होते.

दुसरा विचार हाताचा. कसलेले कारागीर कात्री खाली ठेवीतच नाहीत. तिचे एक कडे बोटात अडकवून, ती तळहातात धरून ते दोरा गुंडाळीत राहतात. म्हणून कडी ऐसपैस हवीत. मूल डावखुरे असेल, तर त्यास डावखुऱ्यांसाठी घडविलेलीच कात्री द्यावी. सामान्य कात्री डाव्या हातात धरिली असता बोटांचा दाब पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. मग केस कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो, आणि दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

दुकानात कात्रीची चकाकी पाहू नये. तिची परीक्षा करावी. ती मिटून उजेडासमोर धरावी व टोके नीट जुळतात की नाही ते पाहावे. सावकाश उघडझाप करून चाल सर्वत्र सारखी आहे, याची खात्री करून घ्यावी. शेवटी केवळ टोकांनी एकच बारीक धागा कापून पाहावा. धागा ओढला गेला वा दुमडला, तर ती कात्री परत ठेवावी. काही कात्र्यांच्या एका पात्यास सूक्ष्म दाते असतात. त्यांमुळे निसरडे केस घसरत नाहीत, परंतु अशा पात्यास पुन्हा धार लावणे अवघड जाते. टंगस्टन कार्बाइडची धार फार दिवस टिकते. पण तो पदार्थ ठिसूळ असल्यामुळे कात्री फरशीवर पडल्यास टोक उडण्याचे भय असते. सारांश, सर्वांत महाग ती मुलासाठी सर्वांत योग्य, असे मुळीच नाही.

येथे पालक म्हणतील, “मूल धसमुसळे, चांगली वस्तू आठ दिवसांत बिघडवील.” हा आक्षेप पोकळ नाही. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस व तांब्याची बारीक तार एवढ्यावरच एक प्रसिद्ध कृत्रिम अळी बनविली. तीत दोऱ्याचे कामही तारच करिते. अशी तार नाजूक टोकांनी कापली की धारेस खाच पडते, व त्या खाचेत पुढे प्रत्येक केस अडकतो. परंतु यावरील उपाय सर्वांनाच वाईट कात्री देणे हा नव्हे. घरातील एक जुनी कात्री तारेसाठी वेगळी ठेवावी, आणि नवी केवळ दोरा, केस व पिसे यांसाठी राखावी. पिसाचा जाड दांडा नव्या कात्रीने कापावयाचाच झाला, तर तो खिळ्याजवळ धरून कापावा. तरफेचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्यास याचे कारण सांगावयास नको: टेकूजवळ जोर अधिक मिळतो, व टोकांवर ताण येत नाही.

उस्तादाच्या हातात बोथट कात्री दिली, तर ती बोथट आहे हे त्यास तत्काळ कळते व तो ती बाजूस सारितो. नवशिक्यास ते कळत नाही. दहा वेळा दोरा तुटला की “माझ्या हातातच कला नाही,” असे तो ठरवून टाकितो आणि सामान पेटीत बंद करितो. म्हणून, ज्याला काम येते त्याच्यापेक्षा ज्याला ते यावयाचे आहे, त्यासच निर्दोष हत्याराची गरज अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसा थोडा असेल, तर पिसे व लोकर साधी घ्यावी. काटकसर तेथे करावी, धारेत करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचेही कर्तव्य यात आहे. जे हत्यार ज्या कामासाठी दिले, त्याच कामास ते वापरा, पुसून जागच्या जागी ठेवा, आणि चांगली कात्री हातात आल्यावरही माशी वाकडी झाली, तर मात्र अंगणास दोष देऊ नका!