टाच कोणाची आणि बाण कोणाचा?

दिवाळीच्या अंकात, लाडू-करंज्यांच्या ताटाशेजारी उघडून ठेवलेल्या पानांत, मी भांडण उकरून काढीत आहे याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. फराळात चकली तिखट असलेली चालते, एवढाच काय तो माझा बचाव. भांडण आहे ते अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलशी. 'धंदेवाईक' हा शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनी वापरतात. मीही येथे तो दोन्ही अर्थांनीच वापरीत आहे.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या त्या खेळाशी आपला काय संबंध? संबंध आहे. २०१९ सालच्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन अमेरिकन संघ मुंबईला आले आणि वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात दोन सामने खेळून गेले. सॅक्रामेंटोचा संघ २०१३ साली ज्या गटाने विकत घेतला, त्याचे प्रमुख विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले गृहस्थ. ज्या खेळाडूविषयी मी आज लिहीत आहे, तो टायरीस हॅलिबर्टन २०२० साली याच सॅक्रामेंटोच्या संघात आला आणि २०२२ साली त्याची अदलाबदल होऊन याच इंडियानाच्या संघात गेला. आणि हे सारे बाजूला ठेवले, तरी तो खेळ आता आमच्या घरातच येऊन बसला आहे. तेथे आज जे मोठेपणाचे लक्षण ठरते, ते उद्या आमची मुले गिरवतात. माझ्या रागाचे खरे कारण तेच आहे.

२०२५ सालच्या जूनची तेवीस तारीख, सोमवार. अमेरिकेत अद्याप रविवारची रात्र होती. पहाटे साडेपाचला माझा चौदा वर्षांचा नातू मला हलवून उठवीत म्हणाला, "आजोबा, चला, सातवा सामना!" इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर यांनी तीन-तीन सामने जिंकले होते, आणि एनबीएचे अजिंक्यपद या शेवटच्या सामन्यावर ठरायचे होते. पेसर्सचा संघ १९७६ साली एनबीएत आला, पण ते अजिंक्यपद त्याने कधी पाहिले नव्हते. या मालिकेतला पहिला सामना हॅलिबर्टनने अवघे तीन-दशांश सेकंद उरले असताना चेंडू टाकून एका गुणाने जिंकून दिला होता. असा हा गडी त्या दिवशी पहिल्या सात मिनिटांतच दुरून तीनदा चेंडू बास्केटमध्ये टाकून नऊ गुण करून बसला. नातू टाळ्या पिटीत होता. मग हॅलिबर्टनने चेंडू घेऊन पुढे झेप घेण्यासाठी उजवा पाय रेटला आणि तो जागच्या जागी कोसळला. कोणी धक्का दिला नव्हता, कोणी पाय आडवा घातला नव्हता. तो पालथा पडून हाताने लाकडी जमीन बडवीत राहिला. त्याच्या टाचेमागची मोठी शीर तुटली होती.

पेसर्स तो सामना ९१ विरुद्ध १०३ असा हरले. दुसऱ्या दिवशी हॅलिबर्टनवर शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैत संघाने जाहीर केले की २०२५-२६ चा सबंध मोसम तो खेळणार नाही.

नातवाने मला विचारले, "आजोबा, त्याची पोटरी तर आधीच दुखावली होती ना? मग त्याला खेळू कोणी दिले?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच हा लेख झाला आहे.

पोटरी आधीच दुखावली होती, हे अक्षरशः खरे आहे. पाचव्या सामन्यात तिचा स्नायू ताणला गेला; त्या सामन्यात त्याला चालू खेळातून एकदाही बास्केट करता आले नाही, यावरून दुखणे किती होते ते समजावे. तरीही तो सहावा सामना खेळला, सातवाही खेळला. आता शरीराची रचना पाहा. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरत एकत्र येतात आणि त्यांचीच पुढे ती जाड शीर होऊन टाचेच्या हाडाला चिकटते. वरचा दोर उसवला असता खालच्या गाठीवर ताण येतो, हे विहिरीवर पोहरा सोडणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. याच दुखण्यामुळे ती शीर तुटली, असे शपथेवर सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु धोका वाढला होता, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

आणि हे प्रथमच घडले असते, तर मी लेखणी उचलली नसती. २०१९ सालच्या मे महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट पोटरी दुखावून बाहेर बसला. महिनाभराने, दहा जूनला, टोरोंटो येथील अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याला मैदानात उतरवले. तो बारा मिनिटे खेळला, अकरा गुण केले, आणि त्याच्या टाचेमागची शीर तुटली. पुढचा सबंध मोसम त्याने बाहेर बसून काढला. संघाचा व्यवस्थापक पत्रकारांपुढे डोळे पुसत बसला होता. म्हणजे धडा सहा वर्षांपूर्वी, तशाच अंतिम मालिकेत, साऱ्या जगासमक्ष दिला गेला होता. ज्याला ठेच लागते तो शहाणा होतो असे आपण म्हणतो. येथे मात्र ठेच एकाला लागते आणि शहाणे व्हायचे असते दुसऱ्याला, म्हणून कोणीच शहाणे होत नाही.

आता या धंद्याचा हिशेब मांडू. एनबीएतील प्रत्येक संघ एका मोसमात ८२ सामने खेळतो. हा आकडा १९६७-६८ पासून चालत आलेला आहे. त्या काळी तीन गुणांची रेषाच नव्हती. ती एनबीएत १९७९ साली आली. आज सारा खेळ त्या रेषेपर्यंत पसरला आहे, आणि बचाव करणाऱ्याला प्रत्येक वेळी तेथवर धावत जावे लागते, थांबावे लागते, वळावे लागते. खेळ बदलला, धाव वाढली, सामन्यांचा आकडा मात्र देवाच्या मूर्तीसारखा जागचा हलत नाही. उलट भरच पडत गेली. २००३ पासून बाद फेरीची पहिली मालिकाही पाचाऐवजी सात सामन्यांची झाली. २०२३ पासून मोसमाच्या पोटात आणखी एका चषकाची स्पर्धा बसवली, आणि तिचा अंतिम सामना ८२ मध्ये मोजतही नाहीत. पेसर्सने २०२४-२५ मध्ये ८२ सामने खेळून वर बाद फेरीचे २३ खेळले. एकूण १०५! ऑक्टोबरात सुरू झालेले हे जाते जूनच्या शेवटापर्यंत फिरत होते. त्याच संघाचे आणखी दोन खेळाडू मोसमाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच टाचेची शीर तुटून घरी बसले होते. बाद फेरीत एप्रिलमध्ये मिल्वॉकीचा डेमियन लिलार्ड, मे महिन्यात बॉस्टनचा जेसन टेटम आणि जूनमध्ये हॅलिबर्टन, असे तीन नामवंत त्याच एका शिरेपायी पडले. तिघांच्याही पाठीवर शून्य हाच आकडा होता. ज्योतिषी मंडळींनी त्यावरून काही अनुमान काढले असेल. मला त्यात ग्रहांपेक्षा माणसांचा हात अधिक दिसतो.

सामने कमी का होत नाहीत? कारण प्रत्येक सामना विकलेला आहे. २०२५-२६ पासून अकरा वर्षे हे सामने दाखवण्याच्या हक्कांसाठी तीन कंपन्यांनी मिळून सुमारे ७,६०० कोटी डॉलर देण्याचा करार केला आहे. एकट्या बॉस्टनच्या संघाची २०२५ मधील विक्री सुमारे ६१० कोटी डॉलरच्या हिशेबाने ठरली. एवढा माल विकल्यावर तो दुकानात असावाच लागतो. म्हणून २०२३-२४ पासून नियम केला की निदान ६५ सामने न खेळलेल्या खेळाडूला वर्षाचे मुख्य सन्मान मिळायचे नाहीत. हे सन्मान म्हणजे नुसते मानपत्र आणि नारळ नव्हे. त्यांवर पुढच्या कराराची रक्कम ठरते. पहिल्याच वर्षी या नियमाच्या कचाट्यात सापडला तो हाच हॅलिबर्टन! २०२४ च्या जानेवारीत त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. सन्मान हुकला असता, तर त्याचे सुमारे चार कोटी डॉलर बुडाले असते. तो परत आला, पुन्हा दुखणे उलटले, पुन्हा परत आला, आणि ६५ चा आकडा त्याने गाठला. हा नियम मूर्खपणाचा आहे असे त्याने तेव्हा उघड सांगितले होते. तरुण माणसाला दुखऱ्या पायाने पळण्याची सवय कोणी लावली, हे नातवाला सांगताना मला फार लांब जावे लागले नाही.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. पहिले असे की, तो स्वतःच्या मर्जीने खेळला. त्यानेही नंतर हेच लिहिले की, वेळ आली तर मी पुन्हा असेच करीन. त्याच्या शौर्याला माझा नमस्कार आहे. पण पंचवीस वर्षांचा मुलगा, सबंध शहर त्याच्याकडे डोळे लावून बसलेले, आणि आयुष्यात एकदाच यावी अशी घटिका! अशा वेळी "खेळतोस का?" असे विचारणे म्हणजे उपाशी माणसाला पानावर बसवून "जेवतोस का?" असे विचारणे आहे. ज्या प्रश्नाला एकच उत्तर संभवते, तो विचारून जबाबदारी झटकता येत नाही.

दुसरे म्हणणे पैशाचे. पाच वर्षांना सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर घेणाऱ्याची कीव काय करायची? गिरणीत बोटे गमावणाऱ्याला कोण विचारतो? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि गिरणी कामगाराची कीव आधी करावी हेही मान्य आहे. पण मोल चांगले दिले म्हणून शरीर मोडण्याचा परवाना मिळतो, हे तत्त्व एकदा मान्य केले की ते गिरणीतही लागू होते. फक्त तेथे मोल कमी असते. शिवाय पैसा माणसाचे काय करतो तेही पाहा. टाच तुटलेल्या लिलार्डला मिल्वॉकीने त्याच जुलैत करारातून मोकळे केले, त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरून टाकले, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाचाच एक उंच खेळाडू आणला. पैसे त्याचे बुडाले नाहीत, हे कबूल. पण वहीत माणूस कोठल्या रकान्यात लिहिला जातो, ते त्यावरून कळले.

तिसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. एनबीएने २०२४ साली एक अहवाल पुढे केला. त्याचा निष्कर्ष असा की, खेळाडूंना अधूनमधून विश्रांती दिल्याने दुखापती कमी होतात असे आकड्यांवरून दिसत नाही. मी हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारतो. परंतु निरोगी खेळाडूला एखाद्या सामन्यापुरते बसवणे वेगळे आणि दुखावलेल्या खेळाडूला उभे करणे वेगळे. पहिल्याचा उपयोग सिद्ध झाला नाही, म्हणून दुसरे निर्धोक ठरत नाही. आणि दुखापती का होतात याची नक्की उमज नसेल, तर ती येईपर्यंत ओझे कमी करावे की वाढवावे? आमच्या गावचा बैलगाडीवालासुद्धा बैल लंगडू लागला की आधी गोणी उतरवतो, कारणाचा शोध मागाहून घेतो.

इथवर मालकांना बोललो. आता स्वतःकडे वळतो, कारण खटल्यातला एक आरोपी त्या पहाटे माझ्याच खुर्चीवर चहा पीत बसला होता. दुखऱ्या पोटरीने हॅलिबर्टनने तिसऱ्यांदा चेंडू टाकला, तेव्हा "वा रे पठ्ठ्या!" असे मीच ओरडलो. टोरोंटोत ड्युरांट पडला तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी आनंदाने आरोळी ठोकली. त्यांना गप्प करायला टोरोंटोच्याच खेळाडूंना हात वर करावे लागले. आपण तसे नाही असे मी म्हणतो. पण जखमी माणसाचे शौर्य फुकट पाहायला मिळावे ही हाव त्यांच्यात आणि माझ्यात सारखीच आहे. मालक विकतो, कारण आपण विकत घेतो.

त्या हावेची किंमत मला ऑगस्टात कळली. नातू शाळेच्या संघात खेळतो. दहा दिवस तो जिना उतरताना कठड्याला धरीत होता, आणि विचारले की "काही नाही" म्हणत होता. शेवटी त्याच्या आईने बळेच मोजा काढला, तेव्हा घोटा सुजून टम्म झालेला. आंतरशालेय सामना जवळ आला होता. प्रशिक्षकांना सांगितले तर बसवतील म्हणून पोराने दुखणे लपवले होते. मी रागावलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "हॅलिबर्टन नाही का खेळला? तुम्हीच वा म्हणालात."

वाचकहो, या वाक्यावर मजपाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकू नको म्हणून सांगितले आणि तो बरा झाला, हे आमचे भाग्य.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ६५ सामन्यांचा तो नियम रद्द करावा. मोसमातले सामने वीसएक तरी कमी करावेत. त्याने मालकांचे आणि खेळाडूंचेही उत्पन्न घटेल, ते दोघांनी सोसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुखावलेल्या खेळाडूने खेळावे की नाही हा शेवटचा शब्द त्याचा नसावा, प्रशिक्षकाचा नसावा आणि संघाच्या पगारी डॉक्टरचाही नसावा. ज्याला जयपराजयाचे काही देणेघेणे नाही अशा वैद्याचा तो असावा. शाळेच्या मैदानावर तो शब्द आईबापांचा असावा, आणि त्यासाठी आईबापांनी आधी टाळ्या वाजवणे थांबवावे.

ग्रीकांच्या कथेत अकिलीस या वीराला त्याच्या आईने बाळपणी मंतरलेल्या नदीत बुडवले, पण ज्या टाचेला धरले होते ती तेवढी कोरडी राहिली; पुढे नेमका तेथेच बाण लागून तो मेला. त्याच्याच नावाने डॉक्टर लोक आज या शिरेला ओळखतात. त्या कथेत बाण मारणारा शत्रू होता. आमच्या कथेत शत्रू कोणीच नाही. मालक प्रेम करतो, शहर प्रेम करते, प्रेक्षक प्रेम करतो, आणि टाच तुटते.

यंदाच्या दिवाळीत नातवाने किल्ला केला आहे. अंगणात बसून, पाय नीट पसरून. मी त्याला म्हटले, "यंदा किल्ला छान झाला आहे." एवढ्यालाच मी हल्ली वा म्हणतो.