ताटाची पैसेवारी

दुभत्या म्हशीस पेंड किती घालावी, भाकड गाईस किती कडबा पुरे, औताच्या बैलास हंगामात खुराक किती वाढवावा, हे बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. जनावराचे काम पाहून वैरण घालणारा हाच शेतकरी घरातील माणसांची ताटे मात्र एकाच मापाने वाढू देतो. दिवसभर खुरपणारी सून, दुकानाच्या गादीवर बसणारा मुलगा आणि सत्तरीचे वडील या तिघांची गरज एक नाही, हे उघड असता त्याचा हिशेब कोणी करीत नाही. तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या कोष्टकाप्रमाणे पासष्ट किलो वजनाच्या बैठ्या पुरुषास दिवसाला २११० उष्मांक लागतात, मध्यम श्रमाच्या पुरुषास २७१० व अवजड कष्ट करणारास ३४७०. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १६६०, २१३० व २७२० असे आहेत. गरोदरपणी त्यांत ३५० ची भर घालावयाची. म्हणजे शेतावर राबणाऱ्या स्त्रीची गरज गादीवरील पुरुषाहून पुष्कळच अधिक आहे. आपल्या घरांतून मात्र ती सर्वांच्या मागून जेवते, व उरेल त्यावर भागविते.

हे मोजमाप चुकले म्हणजे काय होते, हे आपल्या मुलखाने एकदा भोगले आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. त्याचे पाणी १८८५ पासून खेळू लागले. १८७७ साली सर रिचर्ड टेम्पल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्य व वर अगदी थोडे रोख पैसे इतक्यावर आणण्यात आली. एक पौंड धान्य म्हणजे साधारण दीड हजार उष्मांक. दगडमाती वाहणाऱ्या माणसास एवढ्यावर उभे राहणे कसे शक्य होते? पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठविला, तो योग्यच होता.

तथापि सर्वांस एकच आकडा लावणे हाही न्याय नव्हे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्य मोजण्यास माणशी २२५० उष्मांकांची रेषा धरली. त्यावर सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला, की माणसामाणसांची गरज निराळी असते, इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरजही दिवसादिवसाला बदलते. सरासरीस किमान गरज समजू नये. त्या वादाचा निवाडा पंडितांनी करावा. मी महसुलात लेखणी झिजविली असल्यामुळे मला त्यातील मर्म पैसेवारीवरून कळते. गावाची पैसेवारी पन्नासाच्या वर निघाली, म्हणून ज्याचे पीक जळाले त्याची कणगी भरत नाही. तद्वत् घराची सरासरी भरली, म्हणून सुनेचे पोट भरले असे होत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. कालव्याखालील बागायतदाराचे कष्ट ट्रॅक्टरने, ठिबकने व मोटारसायकलने कमी केले. ताट मात्र मोट हाकणाऱ्या आजोबांचेच राहिले, आणि वर चहा वाढला. दोन चमचे साखरेच्या एका चहात साखरेचेच सुमारे ४० उष्मांक असतात. असे सहा चहा झाले की २४० होतात, आणि साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० ची. ऊस हे आपले नगदी पीक खरे. साखर विकावी भरपूर, खावी मोजून.

कोणी म्हणतील, वाडवडिलांनी कधी उष्मांक मोजले होते काय? नव्हते. त्यांचे कष्ट रोज तो हिशेब चुकता करीत असत. कष्ट बदलले तेथे हिशेबही बदललाच पाहिजे.

मात्र आकडा हेच सर्वस्व मानू नये. पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी १९९३ पासून झाली. ज्या मातांनी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेतले त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली; नुसत्या उष्मांकांशी तसा संबंध दिसला नाही. तेव्हा माप शक्तीचे घ्यावे, पण निवड सकसाची करावी.

आणि रुचीही सांभाळावी. जे घशाखाली उतरत नाही, ते कोष्टकात कितीही उत्तम असले तरी आठ दिवसांत बंद पडते. एका घरात एक माळकरी असतो, दुसऱ्यास उजनीची मासळी हवी असते. पोराला अंडे आवडते, वडिलांना हुलग्याचे शेंगोळे. यातले काही मोडण्याचे कारण नाही. ज्याचे त्याला आवडेल ते द्यावे. फक्त ज्याच्या त्याच्या श्रमाच्या मापाने द्यावे.

यास्तव प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. महिन्याचे तेल व साखर माणशी किती पडते ते एकदा वहीत मांडावे. घरातील प्रत्येकाचे नाव, काम व आवड लिहून त्याप्रमाणे ताट ठरवावे, आणि राबणाऱ्या स्त्रीचे ताट प्रथम वाढावे. तिसरे, सुपे-मोरगावकडील जिराईत पट्टा अद्याप ज्वारी-बाजरी पिकवितो. बागायतदारानेही उसाशेजारी चार गुंठे मटकी, हुलगा व पालेभाजीस राखावेत. सातबारावर काय पिकते याची नोंद आपण करतोच. ते कोणाच्या पोटात किती जाते, हीही नोंद आता आपल्याच वहीत व्हावी.