किरणोत्सर्ग नव्हे, प्रारण

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांविषयी मराठी वृत्तपत्रांतून गेली पंधरा-वीस वर्षे जे लिहिले जाते, त्यात एक शब्द हमखास आढळतो : किरणोत्सर्ग. विश्वकोश आणि परिभाषाकोशांच्या परंपरेत हा शब्द युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून आपोआप बाहेर पडणाऱ्या कणांसाठी व किरणांसाठी योजला गेला. हिरोशिमा आणि चेर्नोबिल यांच्या आठवणी त्याला कायमच्या चिकटल्या आहेत. अँटेनातून निघणाऱ्या रेडिओलहरींसाठी त्याच परंपरेने दुसरा शब्द घडवून ठेवला होता, तो म्हणजे प्रारण. तो रुळला नाही. इंग्रजीत 'रेडिएशन' या एकाच शब्दावर दोन्ही अर्थांचे ओझे आहे. मराठीला ते वेगळे ठेवण्याची सोय होती, आणि ती आपण वापरली नाही. परिभाषेला क्लिष्ट म्हणून हसण्याची आपली जुनी सवय येथे महागात पडली, असे माझे मत आहे.

हा शब्दशुद्धीचा हट्ट नव्हे. एक गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीतील एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे अडीच लाखाव्या हिश्श्याएवढी असते. अणूपासून इलेक्ट्रॉन तोडायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे क्ष-किरण पेशीतल्या गुणसूत्रांवर जो थेट घाव घालतात, तो घालण्याची ताकद या लहरींत नाही. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतींचे तापणे. आणि सुरक्षिततेच्या मर्यादा प्रामुख्याने त्यावरच बेतलेल्या आहेत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. शिवाय अंतर वाढते तशी तीव्रता झपाट्याने घटते, त्यामुळे दूरच्या मनोऱ्यापेक्षा कानाला चिकटलेले यंत्रच डोक्याला अधिक प्रारण देते. मनोरा जितका लांब, तितका आपल्या हातातला संच अधिक जोर लावतो. मनोरा हटवा म्हणून मोर्चा काढणाऱ्याने ही गुंतागुंत लक्षात घ्यायला हवी.

पण 'तापण्यापलीकडे काही नाही, तेव्हा विषय संपला' असे म्हणणारेही वाचनाची घाई करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ साली आपल्या प्रयोगाचे अंतिम अहवाल प्रसिद्ध केले. उंदरांच्या मोठ्या जातीला दिवसाला नऊ तास, दोन वर्षे, संपूर्ण शरीरावर प्रारण दिले होते. नरांच्या हृदयात एका विशिष्ट प्रकारच्या गाठी अधिक आढळल्या, आणि तज्ज्ञांनी तो 'स्पष्ट पुरावा' मानला. त्याच प्रयोगात प्रारण दिलेले नर, न दिलेल्या नरांपेक्षा अधिक जगले. पहिले वाक्य एका बाजूचे लोक उद्धृत करतात, दुसरे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात मांडणारा लेख मराठीत मला क्वचितच दिसला.

येथे भाषेच्या अभ्यासकाने कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '२ ब' या गटात घातले. या गटाचा अर्थ 'कर्करोग होण्यास कदाचित कारणीभूत'. त्याच्या वरचा गट 'बहुधा', आणि त्याहून वरचा 'निश्चित'. कदाचित आणि बहुधा ही आपल्याकडची साधी अव्यये. सातवीतल्या मुलालाही त्यांतला फरक कळतो. तरीही बातमीत दोन्ही गळाली आणि 'मोबाइलने कर्करोग' एवढे उरले. ही वर्गवारी पुराव्याचे बळ मोजते, धोक्याचा आकार नव्हे. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या याच गटात आहेत. कॉफी २०१६ पर्यंत होती. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या, मानवी निरीक्षणांवर आधारलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात भ्रमणध्वनीचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. ही बातमी आतल्या पानावर आली असेल तर आली असेल.

ज्यांना मनोऱ्याजवळ राहून डोकेदुखी, निद्रानाश, छातीत धडधड होते, त्यांचे काय? त्यांचा त्रास खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. लहरी चालू आहेत की बंद हे प्रयोगकर्त्यालाही ठाऊक नसावे अशा रीतीने केलेल्या चाचण्यांत मात्र या व्यक्तींना लहरींचे अस्तित्व योगायोगापलीकडे ओळखता आलेले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४७ जणांपैकी काहींना वायफायच्या धोक्यांवरचा दूरचित्रवाणी वृत्तांत दाखवला, उरलेल्यांना वेगळाच. मग सर्वांना पंधरा मिनिटे वायफायच्या सान्निध्यात बसवल्याचे सांगितले. वायफाय मुळात नव्हतेच. तरी ५४ टक्के लोकांनी आपल्या तक्रारींचे खापर त्यावर फोडले. स्वभावतः चिंताळू असलेल्यांपैकी ज्यांनी तो वृत्तांत पाहिला होता, त्यांची लक्षणे अधिक तीव्र होती. दोघे तर त्रास असह्य होऊन प्रयोग अर्धवट सोडून गेले. शब्दांचा देहावर परिणाम होतो हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला कंप, स्वेद, रोमांच असे सात्त्विक भाव शिकवताना सांगतच असतो. तोच परिणाम बातमीचाही होऊ शकतो, हे मान्य करताना मात्र आपण अडखळतो. भीती पसरवणाऱ्या शब्दाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी की नाही?

मधमाश्यांची कथा याहून बोधप्रद आहे. जर्मनीतील लांडाऊ येथे काही संशोधकांनी पोळ्यांच्या पेटीत बिनतारी घरगुती दूरध्वनीचे तळयंत्र ठेवून एक लहानसा प्राथमिक प्रयोग केला होता. एप्रिल २००७ मध्ये लंडनच्या 'इंडिपेंडंट'ने त्यावरून भ्रमणध्वनी मधमाश्या नष्ट करीत आहेत काय, असा मथळा दिला. आपण भ्रमणध्वनी तपासलाच नव्हता, हे संशोधकांनी सांगेपर्यंत ती बातमी जगभर फिरली होती. तिला जोडून आइन्स्टाइनचे म्हणून एक भाकीतही फिरले : मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल. आइन्स्टाइनच्या लेखनात ते कोठेही सापडत नाही. संतांच्या नावावर खपवलेल्या प्रक्षिप्त अभंगांची छाननी करणाऱ्या आपल्या विद्वानांना या प्रकाराचे नवल वाटू नये.

आणि चिमणी. चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलेल्या समाजाला चिमणी नाहीशी होणे हे बालपणच नाहीसे होण्यासारखे वाटते. म्हणूनच मनोऱ्याने चिमण्या मारल्या, ही कथा आपल्या कवितेत आणि महाविद्यालयीन भित्तिपत्रकांत इतक्या सहज शिरली. २०१८ च्या '२.०' या चित्रपटात पक्षिप्रेमी वृद्धाचे सूडनाट्य रंगले, तेव्हा ही कथा मिथकाच्या पदाला पोचली होती. पुरावा काय सांगतो? ब्रिटनमधील चिमण्यांची घसरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे भ्रमणध्वनी सेवा आली १९८५ मध्ये. हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालानुसार भारतभरात चिमणीची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे; घट आहे ती मोठ्या शहरांत. तिथे काय बदलले ते आपल्याला माहीत आहे. कौले गेली, वळचण गेली, अंगणात धान्य पाखडणे गेले, पिल्लांना पहिल्या दिवसांत भरवायच्या अळ्या ज्या झुडपांत मिळत ती गेली. 'वळचण' हा शब्द आज विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून समजवावा लागतो. पण मनोऱ्याला दोष देणे सोयीचे आहे, कारण तो दुसऱ्याचा आहे. बंद गवाक्षांचा सदनिकासंकुल आपला आहे.

२०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. समितीने जमवलेल्या ९१९ लेखांपैकी ५९३ लेखांत काही ना काही परिणाम नोंदला होता. हा आकडा सतत उद्धृत होतो. लेख मोजणे आणि लेख तोलणे यांतला फरक समीक्षकाला सांगायला नको.

मग पक्ष्यांवर काहीच परिणाम नाही? आहे, आणि तो कोणी लक्ष देऊन वाचत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. जर्मनीतील ओल्डनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात रॉबिन पक्ष्यांना स्थलांतराच्या हंगामात चुंबकीय दिशाच सापडेना. लाकडी खोपटांना ॲल्युमिनियमचे पत्रे मढवून ते जमिनीशी जोडले, आणि पक्ष्यांना दिशा सापडली. जोडणी काढली की पुन्हा हरवे. गावाबाहेर पत्र्यांचीही गरज पडेना. अनेक वर्षे, अनेक विद्यार्थ्यांच्या हातून, पक्षी कोणत्या स्थितीत आहे हे निरीक्षकाला कळू न देता हे पडताळले गेले आणि २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. दोषी ठरला तो ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला गोंगाट : विजेची उपकरणे आणि जुन्या पद्धतीची मध्यमलहरी नभोवाणी. भ्रमणध्वनीच्या लहरींची वारंवारता याच्या शेकडो पटींनी अधिक. खलनायक ठरलेल्या मनोऱ्याकडे बोट दाखवता येत नसल्याने हा शोध आपल्या कवितेत आला नाही. इतक्या क्षीण क्षेत्राने एका पाखराचे होकायंत्र बिघडावे, यात कवितेला पुरेसा ऐवज नव्हता काय?

उद्योगांची बाजू घेण्याचा येथे हेतू नाही. २००७ मध्ये ५९ प्रयोगांची छाननी झाली, तेव्हा केवळ उद्योगांच्या पैशावर झालेल्या प्रयोगांत परिणाम सर्वांत कमी आढळल्याचे दिसून आले. न्यायालयांकडूनही उलगडा झालेला नाही. जून २०२१ मध्ये 'फाइव्ह जी'विरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने उंबरठ्यावरच फेटाळला आणि वीस लाखांचा दंड ठोठावला (जानेवारी २०२२ मध्ये तो दोन लाखांवर आला). लक्षात राहिले ते त्या ऑनलाइन सुनावणीत कोणीतरी गायलेले चित्रपटगीत; प्रारणाच्या परिणामांची चिकित्सा तिथे झालीच नाही. जाता जाता : पाच मिलिमीटरपर्यंतच्या सूक्ष्म लहरी निर्माण करून त्यांच्यावर प्रयोग करणारे जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात १८९० च्या दशकात हे काम करीत होते, आणि पुढे तेच वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. लहर आणि सजीव यांचा एकत्र विचार करायला आपल्याकडे पूर्वसूरी नव्हता, असे नाही.

२०१७ साली दूरसंचार खात्याने 'तरंग संचार' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. घराजवळच्या मनोऱ्याची माहिती पाहण्याची, आणि चार हजार रुपये भरून प्रत्यक्ष मोजणी मागण्याची सोय त्यात ठेवली. गृहसंस्थेच्या गच्चीचे भाडे घेणारे आणि त्याच गच्चीखालच्या मजल्यावर झोप न लागणारे, अशा दोघांनाही ती मोजणी मागता येते. तिचे उत्तर 'वॅट प्रति चौरस मीटर' या एककात मिळते. ते सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे वाचता येईल असे एक पानभर मराठी टिपण कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत ते गृहपाठ म्हणून द्यायला हरकत नसावी.