दारूने झिजणारे मज्जातंतू आणि धोरणांचे मौन

तमिळनाडूतील कल्लकुरिची येथे जून २०२४ मध्ये विषारी दारूने साठहून अधिक बळी घेतले. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभरावर माणसे अशाच दारूने दगावली होती. अशा दुर्घटनांनंतर चौकशी होते, अधिकारी निलंबित होतात, मिथेनॉल कोठून आले याचा शोध घेतला जातो. मिथेनॉल दृष्टीचा मज्जातंतू अल्पावधीत निकामी करते, हे आता सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक आहे. परवानाधारक दुकानातील, रीतसर कर भरलेली दारूही मज्जातंतू निकामी करते. मात्र तिला त्यासाठी वर्षे लागतात आणि तिची चौकशी होत नाही.

या विकाराची सुरुवात पायांपासून होते, कारण शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू तेथवर पोहोचलेले असतात. प्रथम तळव्यांची आग, मुंग्या, रात्री वाढणारी वेदना, पुढे बधिरता. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. नंतर हातांची बोटे आणि स्नायूंची शक्ती यांवर परिणाम होतो. मद्यार्क आणि त्यापासून शरीरात बनणारे ॲसिटाल्डिहाइड हे मज्जातंतूंना थेट इजा करतात. त्यात कुपोषणाची भर पडते. नियमित पिणाऱ्याचे जेवण कमी होते, आतड्यातून ब-१ जीवनसत्त्व म्हणजेच थायमिन नीट शोषले जात नाही आणि यकृतात त्याचा साठाही राहत नाही. निरोगी शरीरातही हा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या मजुराच्या आहारात तो मुळातच तुटपुंजा असतो.

भारतात पायांची आग म्हटली की प्रथम मधुमेहाची शंका येते, आणि ती गैर नाही. परंतु रुग्ण किती पितो हा प्रश्न संकोचाने टाळला जातो. रुग्ण स्वतः सांगत नाही. स्त्री असेल तर तिला कोणी विचारतही नाही. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्यात नोंदले आहे. अधिक प्रमाण असलेल्या राज्यांत छत्तीसगड, पंजाब आणि त्रिपुरा यांच्यासह गोव्याचेही नाव होते.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात पोषणमान उंचावणे आणि मादक पेयांना बंदी करणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्र सांगितली आहेत. व्यवहारात त्यांची फारकत झाली आहे. बंदीवर वाद झडतात: बिहारने २०१६ मध्ये ती लागू केली, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. पोषणाची बाजू मात्र या वादात येतच नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी पोषणयुक्त तांदूळ व पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ यांचा समावेश केला. थायमिन ऐच्छिक ठेवले. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन सक्तीचे केले आणि त्याच्या अभावाने होणारा, मद्यपींमध्ये आढळणारा मेंदूचा विकार त्यानंतर शवविच्छेदनांत कमी आढळू लागला. अर्थात पिठातल्या जीवनसत्त्वाने दारूचा थेट विषारी परिणाम टळत नाही. तरीही उत्पादन शुल्काच्या रूपाने मोठा महसूल मिळवणाऱ्या राज्यांना हा खर्च जड वाटावा, असे कारण दिसत नाही.

दारू पूर्ण बंद केली, आहार सुधारला आणि थायमिन वेळेवर दिले, तर झीज थांबते. काही रुग्णांत संवेदना अंशतः परतते. मात्र मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने होते. कमरेपासून तळव्यापर्यंतचे अंतर पाहता हे काम महिन्यांचे, कधी वर्षांचे असते. व्यसनमुक्ती केंद्रातील मुक्काम मात्र बहुधा काही आठवड्यांचाच असतो.